‘नॅचरल’ टोनरमध्ये केमिकल का, आणि घरच्या स्प्रेत काय घालावं?

ताई, तुमचा प्रश्न लांब आहे, म्हणून आधी त्याचा गोषवारा देते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही खानापूर तालुक्यात राहता. बेळगावच्या बाजारातून ‘१०० टक्के नॅचरल’ छापलेलं गुलाबाचं टोनर आणलंत. घरी येऊन मागची यादी वाचली तर त्यात फिनॉक्सीइथेनॉल, सोडियम बेंझोएट, पॉलिसॉर्बेट २० आणि परफ्यूम ही चार नावं निघाली. तेव्हापासून गुलाबपाणी आणि कोरफडीचा स्प्रे तुम्ही घरीच करता, उकळलेल्या पाण्यात, ‘एकही केमिकल न घालता’. डासांसाठी कापूर, कडुलिंबाचं तेल आणि लवंगेचं तेल पाण्यात हलवून फवारता. निपाणीच्या वन्संनी गुलाबावरच्या मावा किडीला तंबाखूचा काढा मारायला सांगितलंय. घरात दीड वर्षाचं बाळ आहे. आणि आता बचत गटातल्या बायका म्हणताहेत, हाच गुलाबपाण्याचा स्प्रे विकायला ठेवूया. तुमचं विचारणं असं, की आपण फसलो का, आणि घरचं ते चांगलं हे खरं ना?

मी औषधनिर्माणशास्त्र शिकले आणि क्रीम, लोशनं बनवणं आणि ती टिकतात का ते तपासणं यातच माझं काम झालं. आता बेळगाव, खानापूर, चिकोडी भागातले गट सल्ला विचारतात. त्यांनाही मी हेच सांगते. घटक कारखान्यात तयार झाला की झाडावर, हे मी सगळ्यात शेवटी बघते. आधी बघते तो इथं कोणतं काम करतो, किती प्रमाणात आहे, किती शुद्ध आहे, आणि काढून टाकला तर काय होईल. या कसोटीवर तुमच्या चार नावांपैकी तीन टिकतात. चौथं, म्हणजे परफ्यूम, टिकत नाही. गंमत अशी की लोक पहिल्या तिघांना घाबरतात आणि वास मात्र आवडीनं घेतात.

सुरुवात पाण्यापासून करावी लागते. तुमच्या स्प्रेत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी आहे, वर कोरफडीचा गर, ज्यात साखरेच्या जातीचे घटक भरपूर. जीवाणूंना आणि बुरशीला याहून जास्त काही लागत नाही. स्यूडोमोनास एरुजिनोसा नावाचा एक जीवाणू तर नुसत्या पाण्यातही चिवटपणे जगतो, आणि डोळ्याच्या बुबुळाला जखम असेल तर तिथं फार वाईट संसर्ग करतो. तुम्ही फवारा मारता तोंडावर, डोळे मिटून. पापण्यांच्या फटीतून थोडा आत जातोच. लेन्स वापरणाऱ्या मुलींना तर मी घरगुती फेस स्प्रेला साफ नको म्हणते.

‘पाणी उकळून घेते, बाटली अगदी नितळ दिसते,’ असं तुम्ही लिहिलंय. उकळताना जिवंत जंतू मरतात हे खरं, पण काही जीवाणूंचे बीजाणू उकळूनही तग धरतात. शिवाय नळाच्या पाण्यात जो थोडा क्लोरीन राखण करत असतो तो उकळल्यावर उडून जातो. म्हणजे बाटलीत भरताना पाणी स्वच्छ असतं, पण राखणदार उरलेला नसतो. मग हात लागतो, हवा लागते, गुलाबाची पाकळी पडते. नितळपणाचं म्हणाल तर पाणी डोळ्यांना गढूळ दिसायला दर मिलीलिटरमागे साधारण दहा लाख ते एक कोटी जीवाणू लागतात. प्रसाधनांसाठीची आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे १,०००, आणि डोळ्यांभोवती किंवा तीन वर्षांखालच्या मुलांना लावायच्या वस्तूंसाठी १००. मर्यादेच्या शेकडो पट जंतू झाले तरी तुमची बाटली नितळच दिसणार.

एकदा हे करून बघा. स्प्रेची बाटली संपत आली की पंप काढा आणि खाली लोंबणारी ती बारीक नळी कापून कापसाची काडी आतून फिरवा. महिना-दोन महिने पुन्हा पुन्हा भरलेल्या बाटलीच्या नळीत बहुतेक वेळा बुळबुळीत थर हाताला लागतो. पंपाच्या आत एक लहानशी पोकळी असते, तिथं स्प्रिंग आणि मणी असतो, तीही कायम ओली. दर वेळी पंप दाबून सोडला की जेवढं पाणी बाहेर गेलं तेवढी हवा आत येते, आणि हवेबरोबर जे असेल ते. वरून ताजं गुलाबपाणी ओतून काही होत नाही. आतला थर त्या ताज्या पाण्याला दोन दिवसांत आपल्यासारखं करतो. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत, विशेषतः जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, भिंतींनाही बुरशी येते. बाटलीनं काय घोडं मारलंय?

म्हणून फिनॉक्सीइथेनॉल. ते जीवाणूंवर चांगलं चालतं, बुरशीवर थोडं कमी, म्हणून त्याला जोडीदार देतात. तुमच्या टोनरमध्ये तो जोडीदार सोडियम बेंझोएट आहे. फिनॉक्सीइथेनॉलची कमाल मर्यादा १ टक्का, म्हणजे १०० मिलीलिटरच्या बाटलीत जास्तीत जास्त एक ग्रॅम. सोडियम बेंझोएट तर तुमच्या ओळखीचंच आहे. बाजारातल्या कोकम सरबताच्या आणि लिंबाच्या स्क्वॅशच्या बाटलीवर ते नाव असतं. ते ज्यापासून बनतं ते बेंझोइक आम्ल निसर्गात दालचिनीत, लोबानात सापडतं. पण कारखान्यात बनवलेलं बेंझोइक आम्ल आणि लोबानातलं यांचा रेणू एकच. जंतूलाही फरक कळत नाही आणि तुमच्या कातडीलाही नाही.

इथं एक खाचखळगा सांगते, कारण सरबताला चालतं म्हणून लोक ते डोळे मिटून स्प्रेतही टाकतात. सोडियम बेंझोएट आंबट माध्यमातच काम करतं. पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका लहान तितकं आंबट), ४.२ असेल तर त्यातला निम्मा भाग कामाचा राहतो. ५.२ झाला की नऊ टक्के, ६.२ झाला की जेमतेम एक. कोकम सरबत आंबट असतं म्हणून तिथं जमतं. साधं गुलाबपाणी तेवढं आंबट नसतं, तिथं बेंझोएट घालणं म्हणजे बिनकामाचा पहारेकरी ठेवणं. घालायचंच असेल तर लिंबूसत्वानं पीएच ४.५ च्या आसपास आणावा लागतो आणि पीएचच्या पट्टीनं तपासावा लागतो. लिंबाचा रस मात्र नको, त्यात साखर असते आणि त्याचा आंबटपणा फळागणिक बदलतो. आवळ्याचा रस असलेल्या स्प्रेतही बेंझोएट नको. क जीवनसत्त्वाबरोबर त्यातून अगदी थोडं का होईना, बेंझिन हे कर्करोगकारक रसायन तयार होऊ शकतं.

‘मग नैसर्गिक परिरक्षक, म्हणजे जंतूंना रोखून वस्तू टिकवणारे घटक, नाहीत का?’ हा पुढचा प्रश्न येतोच. सगळ्यात जास्त नाव घेतलं जातं ते ग्रेपफ्रूटच्या बियांच्या अर्काचं. १९९९ मध्ये जर्मनीत सहा बाजारी अर्क तपासले, तेव्हा ज्या पाचांत जंतुनाशक गुण दिसला त्या पाचांत बेंझेथोनियम क्लोराइड हे कृत्रिम जंतुनाशक सापडलं, काहींत ट्रायक्लोसान हे जंतुनाशक आणि पॅराबेन हे कृत्रिम परिरक्षकही. ज्यात काही मिसळलेलं नव्हतं तो अर्क जंतू मारतच नव्हता. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. ई जीवनसत्त्वाबद्दलही एक गैरसमज पक्का बसलाय. ते तेलाला खवट होऊ देत नाही, पाण्यातल्या जंतूंना काही करत नाही. तुळस, कडुलिंब, हळद यांच्यात जंतूंना रोखणारे घटक आहेत, पण बाटलीत टिकवण्याइतक्या प्रमाणात घातले तर चेहरा पिवळा होईल किंवा आग होईल. सेंद्रिय प्रसाधनांसाठी युरोपात जे कॉसमॉस नावाचं कडक मानक आहे, त्यातही बेंझोइक, सॉर्बिक, सॅलिसिलिक आम्ल, डीहायड्रोअॅसिटिक आम्ल आणि बेंझिल अल्कोहोल यांना परवानगी आहे, आणि ती कारखान्यातली चालतात. फिनॉक्सीइथेनॉल मात्र तिथं चालत नाही. म्हणजे तुमच्या टोनरवर ‘१०० टक्के’ छापणं चूकच आहे, त्या बाबतीत तुमचा राग रास्त आहे. फसवणूक आहे ती छापलेल्या आकड्यात, बाटलीतल्या परिरक्षकात नाही.

पॅराबेनची गोष्ट इथं सांगितलीच पाहिजे, कारण ‘पॅराबेन-फ्री’ बघून घेणारे आपल्याकडे खूप आहेत. २००४ मध्ये इंग्लंडमधल्या एका संशोधनात स्तनाच्या वीस गाठींच्या नमुन्यांत पॅराबेन सापडलं. आसपासच्या निरोगी ऊतीत ते आहे की नाही हे त्यात तपासलं नव्हतं, आणि पॅराबेनमुळे गाठ झाली असं त्या संशोधकांनीही सिद्ध केलं नव्हतं. तरी घबराट पसरली. युरोपनं २०१४ मध्ये पुरेशी माहिती नसलेल्या पाच पॅराबेनांवर बंदी घातली आणि प्रोपिल, ब्युटिल यांची मर्यादा खाली आणली. हे योग्यच झालं. मेथिल आणि इथिल पॅराबेन जुन्या मर्यादेतच चालू राहिली. पण कंपन्यांनी सरसकट सगळीच काढली आणि त्या जागी मेथिलआयसोथायाझोलिनोन आणलं. युरोपात त्वचारोगतज्ज्ञांकडे मानेवर, पापण्यांवर, हातांवर खाज आणि पुरळ घेऊन येणाऱ्यांची रांग लागली. अमेरिकेतल्या त्वचासंपर्क-अॅलर्जीच्या तज्ज्ञांच्या संस्थेनं २०१३ साली त्याला ‘वर्षातला अॅलर्जीकारक’ ठरवलं. पुढे युरोपात लावून ठेवायच्या प्रसाधनांतून ते काढावं लागलं. त्याच संस्थेनं २०१९ मध्ये पॅराबेनांना ‘अॅलर्जी न करणारा’ म्हणून जाहीर केलं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हे. नाव ऐकून घाबरून एक घटक काढायचा, आणि त्याची जागा कोण घेतंय हे विचारायचंच नाही, यातून हे घडलं.

आता पॉलिसॉर्बेट २०. हा तेलाला पाण्यात विरघळल्यासारखं पसरवतो, एवढंच त्याचं काम. तुमच्या डासांच्या स्प्रेत तो नाही, म्हणून तीच बाटली हातात घेऊन खिडकीच्या उजेडात धरा. कडुलिंबाचं तेल वर तरंगतं. लवंगेचं तेल पाण्याहून जड असतं, ते थेंब थेंब होऊन तळाशी बसतं. आणि पंपाची नळी कुठवर पोचते? तळापर्यंत. तुम्ही हलवलंत तरी चार-पाच क्षणांत ते वेगळं होतं, त्यामुळे पहिल्या फवाऱ्यात लवंगेचं निव्वळ तेल येऊ शकतं, मधले फवारे जवळपास पाण्याचे, आणि बाटली संपताना कडुलिंबाचं तेल. लवंगेतलं युजेनॉल दाढेवर बधिरपणा आणतं, तेच गालावर पडलं की चटका बसतो. डोळ्यात गेलं तर विचारूच नका. पॉलिसॉर्बेट घातला असता तर प्रत्येक फवाऱ्यात तेलाचं प्रमाण सारखं आणि सौम्य राहिलं असतं. इथं कृत्रिम घटकामुळे नैसर्गिक घटकाचा त्रास कमी होतो.

आता परफ्यूम. या एका शब्दाखाली वीस-पंचवीस ते शंभर घटकही लपू शकतात. युरोपात अॅलर्जी करणारे २६ सुवासिक घटक लेबलवर नावानं लिहावे लागत, २०२३ च्या नियमानं ही यादी ऐंशीच्या पुढे गेली. त्यातले पुष्कळसे घटक लिंबू, संत्रं, लॅव्हेंडर, गुलाब, गवती चहा यांच्या तेलांतही असतात. लिमोनिन आणि लिनालूल हे दोघं ताजे असताना फारसा त्रास देत नाहीत. हवा लागून त्यांचं ऑक्सिडीकरण झालं की अॅलर्जी करणारे पदार्थ बनतात. म्हणून अर्धी वापरलेली, खिडकीत वर्षभर ठेवलेली तेलाची बाटली मी टाकून द्यायला सांगते, कितीही महाग असो. वास काढून टाकला तर टोनरचं काहीच बिघडत नाही. बाळाच्या वस्तूत तर वास नकोच, कृत्रिमही नको आणि फुलाचाही नको.

लेबल वाचायची एक युक्ती सांगते. आपल्याकडच्या कॉस्मेटिक्स नियम २०२० प्रमाणे १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमानं लिहायचे असतात, त्याखालचे कोणत्याही क्रमानं. फिनॉक्सीइथेनॉल १ टक्क्याच्या वर जाऊ शकत नाही. म्हणजे यादीत त्याच्या नंतर जे जे येतं ते १ टक्का किंवा त्याहून कमी. तुमच्या टोनरच्या पुढच्या बाजूला गुलाब, चंदन, केशर यांची चित्रं असतील आणि मागं ती नावं फिनॉक्सीइथेनॉलच्या खाली असतील, तर तुम्ही पैसे कशाचे दिले ते कळून येईल. ‘९८ टक्के नैसर्गिक’ या आकड्यातही पाणी धरलेलं असू शकतं. कोरफडीचं ‘जेल’ तर बहुतेक वेळा पाणी आणि त्याला घट्ट करणारं कार्बोमर असतं, आणि त्याचा तो हिरवागार रंग ओतलेला असतो. कोरफडीचा गर रंगहीन असतो हे तुम्ही रोज बघताच. जाता जाता, पान कापल्यावर जो पिवळा चीक येतो तो पूर्ण निथळू द्या आणि गर धुऊन घ्या, त्यानंच अनेकांना खाज येते.

जिथं खरं रागवायला हवं तिथं मात्र आपण गप्प असतो. लग्नसराईत बायका ‘काळी मेंदी’चे कोन आणतात. मेंदीच्या पानातला लॉसोन हा रंग भगवा चढतो, आणि दीड-दोन दिवसांत गडद तपकिरी होतो. तासाभरात काळाभोर रंग आला तर त्यात पॅराफिनिलिनडायअमाइन, म्हणजे पीपीडी, आहे असंच समजा. केसांच्या रंगात ते ठराविक मर्यादेत चालतं. कातडीवर थेट लावायला युरोपात आणि अमेरिकेत मनाई आहे. एकदा त्याची अॅलर्जी जडली की ती जन्मभर राहते, पुढे केसांना साधा डाय लावला तरी चेहरा सुजतो. कोनावर घटकांचं नावच नसतं. टिकलीचंही तसंच. चिकटवणाऱ्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल असेल तर कपाळावर टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग पडतो. तो कोड नव्हे, रसायनानं रंगपेशी मारलेल्या असतात, पण घराघरांत त्या बाईला काय काय ऐकावं लागतं हे मी बघितलंय. असा डाग दिसला तर त्याच दिवशी टिकली बंद करा आणि त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. हळदीला चुना किंवा टाकणखार आणि लिंबू लावून केलेलं कुंकू कपाळाला बरं. सांगलीचा हळदबाजार आपल्याला जवळच आहे, अख्खी हळकुंडं आणून दळून घ्या, कारण पिवळ्या पुडीत शिशाचं लेड क्रोमेट मिसळल्याच्या नोंदी आहेत.

डासांच्या स्प्रेबद्दल सरळ सांगते, बाळाच्या खोलीत तो बंद करा. देवापुढचा कापूर तुम्ही नैसर्गिक धरलाय, पण बाजारातला बहुतेक कापूर टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनतो. तो कुठल्याही वाटेनं आला तरी लहान मुलाच्या पोटात थोडाही गेला तर झटके येऊ शकतात. बाळाच्या हाताला लागेल अशा जागी वडी ठेवू नका, छातीला चोळू नका. डास पळवणाऱ्या यंत्राच्या रिकाम्या रिफिलमध्ये कापूर आणि कडुलिंबाचं तेल भरायचा जो उपाय सगळीकडे फिरतोय तोही नको. ती वात आणि ते तापमान ठराविक द्रवासाठी ठरवलेलं असतं, भलतंच काही भरलं तर धूर होतो आणि पेटायचीही भीती असते. कडुलिंबाचं तेल तान्ह्या मुलांना तोंडावाटे दिल्यानं झटके आणि मेंदूला इजा झाल्याचं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेलं आहे. अंगाला लावायचं सिट्रोनेलाचं सुवासिक तेल थोडा वेळच टिकतं. निलगिरीच्या सिट्रिओडोरा जातीपासूनचं पीएमडी हे डास पळवणारं द्रव्य चांगलं चालतं, पण तीन वर्षांखालच्या मुलांना ते लावू नये असा सल्ला आहे. डीट हे डास पळवणारं कृत्रिम रसायन मात्र योग्य प्रमाणात दोन महिन्यांपुढच्या बाळाला चालतं असं अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सांगतात. हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं. तरी दीड वर्षाच्या पोराला मी आधी मच्छरदाणी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे सांगेन, मग डॉक्टरांना विचारून काय ते. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. आपल्याकडे नळ रोज येत नाही म्हणून पिंपं भरून ठेवावी लागतात. ती झाकणं, आणि आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून घासणं, यानं फवाऱ्यापेक्षा जास्त काम होतं.

वन्संचा तंबाखूचा काढा. निपाणीत घरी तंबाखू असते, तिथं हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला असेल. मावा मरतो हे खरंच आहे, कारण निकोटीन जबरदस्त विष आहे. ते कातडीतून शरीरात जातं. ओली तंबाखूची पानं तोडणाऱ्या मजुरांना उलट्या, चक्कर, घाम सुटणं हा त्रास होतो तो यामुळेच. निकोटीन सल्फेट या कीटकनाशकाचा वापर भारतात बंद आहे, ते फक्त निर्यातीसाठी बनवता येतं. आणि घरच्या काढ्यात निकोटीन किती उतरलंय हे कुणीच मोजत नाही. कमी उतरलं तर मावा मरत नाही, जास्त उतरलं तर फवारणारीच आजारी पडते. वर तंबाखूतून मोझॅक विषाणू मिरची-टोमॅटोवर जातो. परसात बाळ रांगतंय, गुलाब तोंडाच्या उंचीवर आहे, त्या पाकळ्यांचं तुम्ही गुलाबपाणी करता. हा काढा नको, ताई. माव्याला आधी पाण्याची जोरदार धार द्या, बराचसा गळून पडतो. उरला तर लिटरभर पाण्याला पाच मिलीलिटर कडुलिंबाचं तेल आणि एक-दोन मिलीलिटर पातळ साबण, संध्याकाळी पानांच्या खालून. तिथं साबण जे काम करतो तेच टोनरमध्ये पॉलिसॉर्बेट करतो. फवारलेल्या फुलांचं गुलाबपाणी करू नका.

शुद्धतेचा मुद्दा राहिला, आणि माझ्या मते तो सगळ्यात दुर्लक्षित आहे. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले, कारण त्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेलं होतं. न्यायमूर्ती लेंटिन आयोगानं त्याची चौकशी केली. ग्लिसरीन तर तेलातून निघतं, त्याहून साधा पदार्थ कुठला? पण ग्रेड चुकली, तपासणी चुकली. म्हणून ग्लिसरीन आणायचं ते आयपी (इंडियन फार्माकोपिया, म्हणजे औषधी दर्जाचं) लिहिलेलं, सीलबंद, औषधाच्या दुकानातून. रंगाच्या दुकानात सुटं मिळतं ते नको. डिस्टिल्ड वॉटर म्हणून बॅटरीचं पाणी आणू नका, ते अंगाला लावायच्या मापानं कुणी तपासलेलं नसतं.

घरी करायचंच तर काय, हे तुम्ही अपेक्षेनं विचारलंय. आपल्या आज्या परिरक्षक घालत नव्हत्या, कारण त्या पाण्याची वस्तू साठवतच नव्हत्या. उटणं, शिकेकाई, रिठा, मुलतानी माती कोरडी डब्यात, आणि लागेल तेवढी वाटीत भिजवायची. हाच मार्ग अजूनही सगळ्यात सुरक्षित. शिकेकाई चैत्र-वैशाखाच्या उन्हात कडकडीत वाळवून दळा, पावसाळ्यात कोरडा चमचाच वापरा. दुसरा मार्ग तेलाचा. खानापूरच्या जंगलातल्या कोकमाच्या बियांचं तेल, खोबरेल आणि मधमाशीचं मेण मंद आचेवर वितळवून केलेला मलम टाचांच्या भेगांना आणि ओठांना छान. त्यात पाण्याचा थेंब नाही, म्हणून परिरक्षक लागत नाही. आणि गुलाबपाण्याचा स्प्रे हवाच असेल तर ५० मिलीलिटरची छोटी बाटली, फ्रिजमध्ये, तीन-चार दिवस. उरलं ते झाडाला घाला. बाटली आणि पंप गरम साबणाच्या पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवल्याशिवाय पुन्हा भरू नका. फ्रिज जंतू मारत नाही, त्यांची वाढ संथ करतो, एवढं लक्षात असू द्या. नवीन काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून बघा.

विकण्याचं वेगळं आहे. स्वतःच्या घरात तुम्ही काहीही करा, पण कातडीला किंवा केसाला लावायची वस्तू विकायला ठेवली की ती कायद्यानं सौंदर्यप्रसाधन होते, आणि बनवण्यासाठी राज्याच्या औषध नियंत्रण विभागाचा परवाना लागतो. उटणं आणि साबणही त्यात आले. लेबलवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच क्रमांक, कधी बनवलं, कधीपर्यंत वापरायचं, घटकांची यादी आणि परवाना क्रमांक लागतो. पाण्याच्या वस्तूसाठी परिरक्षकाची चाचणी करून घ्या. त्यात वस्तूमध्ये मुद्दाम पाच प्रकारचे सूक्ष्मजीव सोडतात आणि २८ दिवस त्यांची संख्या घटते का ते मोजतात. यात पास झालेल्या स्प्रेवर फिनॉक्सीइथेनॉलचं नाव ठळक अक्षरात छापा, आणि ‘१०० टक्के नॅचरल’ छापू नका. गिऱ्हाइकानं विचारलं तर ते काय काम करतं हे सांगता येईल इतकं गटातल्या प्रत्येक बाईला माहीत असू द्या. पहिल्या वर्षी मात्र मी गटाला स्प्रेमध्ये हात घालू देणार नाही. एक-दोन परवानाधारक उत्पादकांशी बोलून जागा आणि खर्च समजून घ्या, आणि अर्ज करायचा तर कोकमतेलाचा मलम आणि कोरडं उटणं या दोनच वस्तूंचा करा. दोन्हींच्या मापासकट कृती लिहून आणा, ग्रॅममध्ये, चमच्यात नको. मी तपासून देते.